दुसरा मसुदा तयारच होता

एका अमेरिकी प्रकाशकाच्या बालपुस्तक मालिकेतलं काम होतं, मुखपृष्ठ आणि आतली सगळी चित्रं. आर्ट डायरेक्टरशी बोलणं झालं, मानधन ठरलं, करार आला. आकडा बरोबर आहे ना एवढं बघून सही ठोकायची, ही आमच्या जमातीची जुनी खोड. मी आधी हक्कांचं कलम उघडतो.

तिथे होतं 'वर्क मेड फॉर हायर'. म्हणजे चित्रं मी काढायची, पण कायद्याच्या लेखी त्यांचा कर्ता प्रकाशक. फ्रीलान्सरला हे सरसकट लागू होत नाही. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्यात त्यासाठी मोजके नऊ प्रकार आहेत, शिवाय दोघांच्या सहीचा लेखी करार लागतो. मात्र पुस्तकासाठी काढलेली चित्रं त्या नऊ प्रकारांत बसू शकतात, त्यामुळे सगळं माझ्या सहीवर अडलेलं. हक्क नुसते लिहून दिले असते, तर ३५ वर्षांनी मला किंवा माझ्या वारसांना ते परत मागता आले असते. वर्क फॉर हायरमध्ये ती सोयच नाही. आणि मुलांचं चाललेलं पुस्तक पिढ्यान् पिढ्या चालतं, हे प्रकाशकाला आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

दुसरी मेख दुरुस्त्यांची: 'प्रकाशकाचं समाधान होईपर्यंत'. रफमध्ये, म्हणजे कच्च्या रेखाटनात, पानावरची मुलगी डावीकडून उजवीकडे न्यायला कितीसा वेळ लागतो? रंगकाम झाल्यावर तीच मुलगी हलवली की सावली हलते, चेहऱ्यावरचा उजेड चुकतो, मजकुरासाठी राखलेली जागा जाते आणि तिचं नाक नेमकं दोन पानांच्या बांधणीत अडकतं. म्हणजे चित्र नव्याने काढायचं, फुकट.

'हा आमचा स्टँडर्ड करार आहे, यात काही बदलत नाही,' असं आर्ट डायरेक्टर म्हणाला होता. भला माणूस; त्याने स्वतः तो कधी वाचला असेल असं वाटत नाही. मी मुद्दे लिहून पाठवले. कॉपीराइट माझा, त्यांना फक्त पुस्तक आणि ई-बुकचा एकमेव परवाना. खेळणी, ॲनिमेशन यांचं वेगळं बोलायचं. रफवर दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, रंगावर एक, पुढे जादा पैसे. काम मध्येच रद्द झालं तर निम्मं मानधन. यातलं काय सोडायचं तेही मनाशी ठरवून ठेवलं होतं.

तासाभरात त्यांच्या विधी विभागाकडून नवी पीडीएफ आली. माझे मुद्दे जुन्या करारात घुसडलेले नव्हते; कलमांचे क्रमांक वेगळे, मांडणी वेगळी. परवाना होता, फेऱ्याही होत्या. पुस्तक छपाईबाहेर गेलं तर हक्क चित्रकाराकडे परत, हे तर मी मागितलंही नव्हतं. तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख होती, मला पहिला ईमेल आला त्याच्या कितीतरी आधीची. रद्द होण्याच्या रकमेवर थोडी ओढाताण झाली, तेवढीच.

या मालिकेची आधीची पुस्तकं माझ्या एका मैत्रिणीने केली आहेत. माझ्याहून मुरलेली चित्रकार. 'ते काही बदलत नाहीत रे, कर सही,' असं तिनेच मला सांगितलं होतं. तिला फोन करायला हात शिवशिवतोय, पण गोपनीयतेचं कलम दोन्ही मसुद्यांत शब्दशः सारखं आहे: कराराच्या अटी तिसऱ्या कुणाला सांगायच्या नाहीत. हे कलम काढा म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं की ते स्टँडर्ड आहे.