“पॉलिश राहिलंय का?” – नाही, झालंय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमली की कुणीतरी आमच्या सागाच्या दिवाणावरून हात फिरवतं आणि म्हणतं, “पालिश राही गयं का व?” राहिलेलं नाही. घासून झालंय, रंग देऊन झालाय, तेल पाजून झालंय. चकाकत नाही, एवढंच.

मग दुसरा प्रश्न येतो, पॉलिशवाल्याचे पैसे वाचवले का? तेही नाही. पॉलिश पेपर, बेल तेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मेण, स्पिरिट, टर्पेंटाइन यांचा हिशोब केला आणि माझ्या मजुरीचे चार पैसे जरी धरले, तरी पॉलिशवाला स्वस्त पडला असता. आणि “वहिनींना वेळच वेळ आहे” हे जे मागून म्हटलं जातं, तेही माझ्यापर्यंत पोचतं.

दिवाण गावच्या धाब्याच्या घराच्या सागाच्या सऱ्यांतून, म्हणजे छताच्या लाकडांतून झाला, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या घराच्या वाटण्या कशा झाल्या तेही माहीत आहे, तेव्हा ते सोडू. मला सांगायचं आहे ते त्याच्या पहिल्या पॉलिशबद्दल. ते कुणी विचारत नाही.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. नणंदा यायच्या होत्या आणि नवा दिवाण कोरा कसा दाखवायचा, म्हणून ह्यांनी पॉलिशवाला ठरवला. तो म्हणाला, मेलामाईनचं पॉलिश मारतो, आरशासारखं होईल. दिवाण मिस्त्रीने हॉलमध्येच जोडलेला, दारातून बाहेर निघेना. म्हणजे जे काय मारायचं ते घरातच. आता वैशाखात आपल्याकडे दुपारचा वारा कसा सुटतो ते मी सांगायला नको. ओल्या मेलामाईनवर धूळ बसली की दाणे उठतात, काम वाया जातं. म्हणून पॉलिशवाल्याने खिडक्या लावून घेतल्या, दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबलं, पंखा बंद केला. त्याच्या कामाच्या हिशोबाने त्यात काही वावगं नव्हतं. तो स्वतः तोंडाला नुसता रुमाल बांधून त्याच हवेत दिवसभर उभा होता, हेही सांगायला हवं.

आतल्या खोलीत आबा, माझे सासरे, होते. दमा जुना. त्या पॉलिशवाल्या पोराला त्यांनी एकदा सांगितलं, “खिडकी उघड रे भो.” तो म्हणाला, “बाबा, धूळ बसंल.” पुन्हा सांगायचा आबांचा स्वभाव नव्हता. मी गच्चीवर कुरडयांच्या मागे होते. ऊन उतरल्यावर खाली आले तर जिन्यातच डोळे चुरचुरायला लागले. आबा खाटेच्या कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर उचलून उचलून श्वास घेत होते. पंप मुठीत होता, पण तो तोंडापर्यंत न्यायचीही उसंत मिळत नव्हती. छातीतली शिट्टी दारातून ऐकू येत होती.

ती रात्र दवाखान्यात गेली. ऑक्सिजन, नेब्युलायझर, सलाईन. डॉक्टरांनी एकदा विचारलं, घरात रंगकाम चाललंय का? आम्ही हो म्हटलं. मग तेच म्हणाले, या दिवसांत धुळीनेही होतं. ह्यांनी ते दुसरं वाक्य धरून ठेवलं, मी पहिलं. अजून तसंच आहे.

आबा घरी आले. वास गेलेला नव्हता. नणंदा आल्या, दिवाणावर झोपल्या, वा वा झाली. आबांनी खाट ओट्यावर काढायला लावली आणि त्या दिवाणावर ते कधीच बसले नाहीत. बोलले काहीच नाहीत. ज्या सऱ्यांखाली त्यांचा जन्म गेला, त्यांच्याकडे पाठ करून ओट्यावर चहा प्यायचे. मला ते लागलं. पण माझ्या हातून दिवाण खरवडला गेला तो आबा गेल्यानंतर, बऱ्याच काळाने. आणि ते गेलेही वेगळ्याच आजाराने. तेव्हा “सासऱ्यांसाठी केलं हो हिने” असं कुणी म्हणू नये. त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर काही वर्षं मी भेटेल त्याला सांगत होते की मेलामाईन म्हणजे विष. आता तसं म्हणत नाही. त्यात कडक होण्यासाठी आम्लाचं हार्डनर घालतात आणि वाळताना फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. डोळ्यांत झोंबतो तो हाच. दम्याच्या माणसाला तो अजिबात चालत नाही. थिनरची वाफ आणखी वेगळी. पण हवा खेळती असली तर हा त्रास दिवसागणिक कमी होत जातो, आणि वर बसलेला थर माझ्या तेलापेक्षा कितीतरी दणकट असतो. बंद खोली हा खरा मुद्दा होता. असं म्हटलं की ह्यांचे डोळे चमकतात, म्हणून मी ते घरात म्हणत नाही.

मी काय केलं ते एकदा सांगून टाकते. जुना थर फुटक्या काचेच्या कडेने खरवडला, मिस्त्री लोक करतात तसा, तोंडाला मास्क लावून. मग पॉलिश पेपर, जाड ८० नंबरपासून बारीक होत १२०, १८०, २२०, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात मारला तर ओरखडे तेव्हा दिसत नाहीत, रंग लावला की सगळे वर येतात. २२० झाल्यावर ओलं फडकं फिरवायचं. तंतू उभे राहतात. वाळले की पुन्हा २२० हलक्या हाताने.

खरवडल्यावर खिळ्यांची जुनी भोकं दिसली. पॉलिशवाल्याने लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर वॉलनट रंग मारून ती झाकली होती. भोकाभोवती लाकूड काळं पडलेलं. ओलीत लोखंड आणि सागातलं टॅनिन एकत्र आलं की असं होतं. या खिळ्यांना आबांच्या आईच्या दुरड्या टांगलेल्या असायच्या. मी ती भोकं बुजवली नाहीत. तुम्हाला “राहिलेलं” दिसतं ते हेच.

रंग दिला तो काथाचा. पानातला काथ पाण्यात उकळून, गाळून. साग तेलकट, म्हणून आधी स्पिरिटने पुसून घेतला, नाहीतर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. फळीची कापलेली टोकं अधाशासारखी रंग पितात आणि काळपट होतात. ती ३२० ने जास्त घोटली. त्यावर बेल तेल, पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून, खिडक्या सताड उघड्या ठेवून. वीसेक मिनिटांत जास्तीचं तेल पुसून काढलंच पाहिजे, नाहीतर चिकटा राहतो आणि आपली सगळी धूळ त्यावर येऊन बसते. शेवटी मधमाशीचं मेण.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या पंचेचाळीस डिग्रीत तर विचारूच नका. मी ती दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळवते, किंवा पाण्याच्या बादलीत टाकते. शेजारणीला वाटतं मी झाडूपोछ्याची फडकी मिरवते.

तोटे मला माहीत आहेत. चहाचा गरम ग्लास ठेवला की गोल उमटतो. दरवर्षी दिवाळीच्या आधी, हवा कोरडी झाली की पुन्हा एक हात द्यावा लागतो. सनमायका लावलेल्या घरांत हे काही नसतं, आणि त्या घरांतल्या बायका माझ्यापेक्षा वेडगळ आहेत असं मला मुळीच वाटत नाही. लेकीने तिच्या फ्लॅटसाठी सनमायकाच घेतलं. मीच रंग निवडून दिला.

आता जेवणाचं टेबल आलंय, कोरं. हे म्हणतात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश मारू, पाण्यातलं मिळतं, वास फार नसतो. हो म्हणायला हरकत काहीच नाही, आणि तेच मला जड जातंय. मिस्त्रीकडून फळीचे दोन तुकडे आणले, एकाला पाण्यातलं पीयू, दुसऱ्याला माझं तेल-मेण. दोन्हींवर शेवभाजीची तर्री सांडली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पीयूचा तुकडा ओल्या फडक्याने साफ निघाला. माझा पिवळाधमक. पण हळद उन्हात उडते. तुकडा गच्चीवर ठेवलाय. पिवळेपणा गेला की मगच ह्यांना दाखवीन.