राजाचा काळू

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे सायबेरियन हस्की कुत्रा आहे. पुण्यातल्या एप्रिलमध्ये तो बिचारा एसीच्या झोताखाली, फरशीला पोट चिकटवून पडलेला असतो आणि काका पाहुण्यांना ऐकवत असतात, "जगातल्या सगळ्यात प्राचीन जातींपैकी एक बरं का. डीएनएवरून सिद्ध झालंय."

काकांचं काही चूक नाही. २००४ साली ८५ जातींच्या कुत्र्यांची जनुकं तपासली, तेव्हा लांडग्याच्या जवळच्या गटात हस्की निघाला. जपानचे अकिता आणि शिबा निघाले, चीनचा चाऊ चाऊ निघाला, कांगोकडचा बसेंजीही. हा बसेंजी सहसा भुंकत नाही, गळ्यातून आलापासारखं काहीतरी काढतो. (ही बातमी आमच्या कमिटीपर्यंत पोचू नये. पुढच्याच मीटिंगमध्ये ठराव येईल.)

खरी गंमत त्या गटात कोण नव्हतं याची. फेअरो हाउंड नव्हता! ताठ कान, निमुळतं तोंड, इजिप्तच्या थडग्यातल्या चित्रातून नुकताच उतरून आल्यासारखा रुबाब, आणि नावातच फेअरो, म्हणजे इजिप्तचा राजा. पण जनुकं म्हणाली, घराणं अलीकडचं आहे. हा मूळचा माल्टा बेटावरचा. तिथली माणसं त्याला साधं 'सशाचा कुत्रा' म्हणतात, कारण त्याला घेऊन ते सशांच्या मागे जातात. राजघराण्याचं आडनाव त्याला शौकिनांनी नंतर लावलं. तसं बघायला गेलं तर कुत्र्यांच्या वंशावळी कागदावर ठेवायची हौसच नवी. इंग्लंडातला केनेल क्लब १८७३ चा. आपली बोरीबंदर-ठाणे रेल्वे त्याहून वीस वर्षांनी थोरली.

जातीचं हे असं असल्यामुळे मी कुत्र्यांची नावं शोधत बसतो.

इजिप्तमध्ये थीब्जला दुसरा अंतेफ नावाचा राजा होऊन गेला, चार हजार वर्षांपूर्वी. त्याच्या थडग्यापुढच्या शिळेवर तो उभा आहे आणि जवळ त्याचे कुत्रे, प्रत्येकाचं नाव कोरलेलं. ही नावं परभाषेतली, पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या लोकांची. म्हणून लेखनिकाने काहींच्या शेजारी अर्थही देऊन ठेवलाय. एकाचं नाव बेहकाई, म्हणजे हरीण. दुसरा पेहतेस. अर्थ : काळा.

काळा! राजा आहे, पदरी लेखनिक आहेत, आणि कुत्र्याचं नाव काय, तर काळू. शिकारीहून आल्यावर तोही मांडीवर थाप मारून "काळ्या, ये रे" असंच म्हणत असणार.

पुढे हजारेक वर्षांनी, नवव्या रामसेस राजाच्या काळात, थडगी फोडणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला. सरकारी माणसं एकेक थडगं तपासत निघाली. अंतेफच्या थडग्यापाशी त्यांनी नोंद केली की शिळा जागेवर आहे, तिच्यावर राजा आहे, त्याच्या दोन पायांमध्ये कुत्रा आहे आणि त्या कुत्र्याचं नाव बेहका. थडगं शाबूत. ही नोंद असलेला पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चोरीच्या तपासात कुत्र्याच्या नावाचं काय काम होतं, देव जाणे. पण ज्याने ते वाचून उतरवून घेतलं, त्या कारकुनाबद्दल मला फार आपलेपणा वाटतो.

आमचा काळू गेटपाशी वाळूच्या ढिगावर असतो. बसायच्या आधी तीन गिरक्या घेतो, चौथी अर्धवट सोडतो आणि शेपटीची वेटोळी नाकावर ओढून घेतो. मागच्या महिन्यात नसबंदीसाठी त्याला गाडीतून नेलं. चार दिवसांनी परत आणून सोडला तेव्हा डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं, खूण म्हणून. गाडीवरच्या मुलाने फॉर्मवर वॉचमनमामांची सही घेतली. रंग काळा, लिंग नर, जात देशी. मामांनी चष्मा वर केला, कागद लांब धरून पाहिला.

"नाव कुठंय?"

"नावाचा रकाना नाहीये मामा."

मामांनी पेन परत दिलं नाही. सहीच्या वर, उरलेल्या जागेत, सावकाश लिहिलं : काळू.

ऊकार मात्र ऱ्हस्व काढला.