शिक्षा कमी करा, एवढंच मागणं

आज हायकोर्टात जबरी चोरीच्या अपीलात आरोपी पोराची वकील म्हणून उभी राहिले, गुन्हा झाला हे मान्यच, फक्त शिक्षा जास्त आहे एवढंच म्हणणं. पोराला तीन केसेसमध्ये वेगवेगळी शिक्षा लागलीये आणि 'एकत्र भोगायची' असं कुठे लिहिलंच नाही, म्हणजे एक संपली की दुसरी सुरू! २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर विजेच्या सामानाच्या चोरीच्या ९ केसेस असलेला माणूस होता, २-२ वर्षं करत १८ वर्षं होत होती, कोर्टाने सगळ्या एकत्र भोगायला सांगितल्या, तोच निकाल वाचून दाखवला. ज्यांना लुटलं त्यांचा त्रास खराच आहे, पण शिक्षेलाही काही माप हवं ना. बाहेर त्याची आई झेरॉक्सची पिशवी घट्ट धरून, "वकीलताई, किती वर्षं कमी होतील ओ?" पुढची तारीख पडलीये, तयारी करतेय.