सव्वाआठाचे दहा झाले, त्या दिवशी

आमच्या संयुगाच्या चुंबकत्वाच्या मोजणीची फाइल मुंबईहून दुपारी आली. माझी पीएचडीची विद्यार्थिनी लगेच आलेख काढायला बसली आणि मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. तास घ्यायचा होता, पण पाय निघेना.

आमचं संयुग तांबं आणि गॅडोलिनियमचं, एकाच रेणूत दोन्ही धातू. तांब्याच्या आयनात एक सुटा इलेक्ट्रॉन, गॅडोलिनियमच्या आयनात सात. हा एकटा त्या सातांच्या बाजूने उभा राहतो की विरुद्ध, एवढंच आम्हाला हवं होतं. खोलीच्या तापमानाला दोन्ही धातू आपापल्या तंद्रीत असतात, तेव्हा काय-टी (चुंबकीय ग्रहणशीलता गुणिले तापमान) हा आकडा 8.25 च्या आसपास येतो. 2 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 271 अंशांपर्यंत, गार करत नेलं की खरं कळतं: विरोध असेल तर तो 6 कडे उतरतो, साथ असेल तर 10 कडे चढतो.

वाशीच्या मे महिन्यात हे स्फटिक मिळवणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. ऑर्थो-व्हॅनिलिन आणि डायअमीनपासून पिवळाधमक लिगँड, म्हणजे धातूंना धरून ठेवणारा रेणू, तयार होतो. त्याच्या आतल्या खोबणीत आधी तांबं बसवायचं, बाहेरच्या मोठ्या खोबणीत मग गॅडोलिनियम. इथवर सोपं. पुढे ईथरची वाफ त्या द्रावणात अगदी हळूहळू मुरावी लागते, आणि ईथर उकळतं 34.6 अंशांना! लाइट गेली, एसी बंद पडला की घाईघाईने नुसती भुकटी खाली बसते. शेवटी आमचे लॅबमधले मामा दिवाळे गावातून मासळीचा थर्माकोलचा खोका घेऊन आले. त्यात बर्फ, बर्फात बाटल्या. त्याच खोक्यात पहिले धारदार कडांचे हिरवे स्फटिक आले. ते वाटून जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरले. चुंबकत्व मोजणाऱ्या कोट्यवधींच्या स्क्विड यंत्रात ही कॅप्सूल शहाळ्याच्या नळीसारख्या साध्या प्लास्टिकच्या नळीत बसवून सोडतात.

"मॅडम, वर चाललाय."

"थांब. डायमॅग्नेटिक करेक्शन लावलंस? जोडीतल्या इलेक्ट्रॉनांचा उलटा वाटा वजा केलास?"

"लावलंय. कॅप्सूलचंही वजा केलंय."

50 केल्विनच्या खाली रेघ उचलली गेली ती थेट 10 ला भिडली. अगदी शेवटी किंचित झुकली. ती शेजारच्या रेणूंची कुरबुर. मी तिच्या पाठीवर थाप मारली. फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी 1985 साली याच दोन धातूंमध्ये अशीच साथ दाखवली होती, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. आपल्या हातच्या पदार्थात ती दिसली आणि अंगावर काटा आला. दोन धातूंना जोडणारा ऑक्सिजनचा पूल जितका सपाट, तितकी ही साथ घट्ट. आमचा पूल बराच सपाट आहे.

मात्र गॅडोलिनियमचं चुंबकत्व सगळ्या दिशांना जवळपास सारखंच, त्यामुळे एकेक रेणू स्वतंत्र चुंबक म्हणून टिकत नाही. त्यासाठी एक दिशा धरून राहणारं टर्बियम हवं. 2004 मध्ये दोन तांबी, दोन टर्बियम असलेल्या रेणूत ते साधलंही गेलं. संध्याकाळीच टर्बियम नायट्रेटचं कोटेशन मागवलं. ते दमट हवेत पाणी ओढतं, तेव्हा पावसाआधी बाटली हातात पडायला हवी.