विजयदुर्ग : भरती-सुकतीच्या वेळापत्रकावरचा एक दिवस

माघ वद्य द्वितीया, पहाट

पौर्णिमा नुकतीच सरली आहे, म्हणजे उधाणाचे दिवस. विजयदुर्गला यायचं तर असेच दिवस धरून यावं. पाणी पुरतं खाली गेलेलं आणि पुरतं वर आलेलं, दोन्ही एकाच दिवसात आणि उजेडात बघायला मिळतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही आणि आंग्र्यांच्या गोदीपाशी उभं राहूनही काही उमगत नाही.

वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. द्वितीया म्हणजे दीड वाजता. हा हिशेब मुंबईकडे जवळपास बरोबर येतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून इथे अर्धा-पाऊण तास आधीच धरावी. भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पन्नासेक मिनिटं पुढे. आज सकाळी सातच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली असणार, म्हणून पहिला मुक्काम किल्ला नाही, गोदी.

सकाळ, गोदी

किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, गिर्ये गावाच्या हद्दीत, वाघोटन खाडीच्या आत वळलेल्या फाट्याला ही गोदी आहे. साधारण 109 मीटर लांब, 70 मीटर रुंद. बराचसा भाग कातळ फोडून काढलेला. सुकतीला तळाचा चिखल उघडा पडतो आणि मगच कळतं की कारागिरांनी कातळ किती नेमक्या पातळीपर्यंत खोदला असेल. इथे उधाणाच्या भरती-सुकतीत पाण्याच्या पातळीचा फरक दोन-अडीच मीटरचा. भरलेल्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, पाणी ओसरलं की ते तळावर टेकतं, तोंड बंद केलं की पुढची भरती आत येत नाही. मग खालच्या फळ्या तपासा, कालवं खरवडा, सांधे भरा. काम झालं की पुन्हा उधाण गाठून बाहेर. पंप नाही, इंजिन नाही, सगळी शक्ती चंद्राची. मराठी आरमाराबद्दल आपण लढायांच्या भाषेत बोलतो, पण लाकडी जहाज दर काही महिन्यांनी पाण्याबाहेर काढलं नाही तर किडा ते आतून पोखरतो. आरमार टिकतं ते अशा जागांमुळे. मला ही गोदी किल्ल्याइतकीच मोलाची वाटते, आणि तिच्याकडे जाणारी वाट झाडोऱ्यात हरवलेली असते याचं वाईट वाटतं.

चिखलात उतरू नये. वरून घट्ट दिसतो, पाय मात्र गुडघ्यापर्यंत जातो, आणि खाली कालवांच्या धारदार कडा असतात. काठावरच्या कातळावरून सगळं दिसतं.

साडेनऊ, किल्ला

एसटी स्टँडपासून किल्ला हाकेच्या अंतरावर. जमिनीच्या बाजूला पूर्वी खंदक होता. आत शिरताना वाट वळत जाते, त्यामुळे दरवाजा थेट समोर येत नाही. हत्तीला किंवा तोफेला सरळ धाव मिळू नये म्हणून ही गोमुखी रचना. आत भवानीचं देऊळ, सदर, कोठारं, खूबलढा बुरूज. तीन तटांमधून सावकाश फिरायला अडीच तास लागतात. पाणी सोबत ठेवावं, दहानंतर जांभा तापायला लागतो.

शिलाहार राजा भोज दुसरा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा बांधायला घेतला. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेऊन घेरियाचा विजयदुर्ग केला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक.

पश्चिमेला समुद्रात बुडालेली सुमारे 122 मीटर लांबीची भिंत आहे. ती सुकतीलाही दिसत नाही. पाण्यावर लाटेची रेघ शोधत कठड्यावर वाकू नये, तिथले दगड सुटलेले आहेत. खोल बुडाची परकी जहाजं या बाजूने जवळ येऊ नयेत आणि आपल्या उथळ बुडाच्या गुराबा-गलबतांना अडचण होऊ नये, असा तिचा उपयोग सांगतात. तरीही तेवढ्यावरून किल्ला अजिंक्य होता असं म्हणणं बरोबर नाही. उत्तरेला खाडीचं तोंड आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसनचं इंग्रजी आरमार तिथूनच आत आलं. तटाखाली एकमेकांना खेटून बांधलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती पसरत सगळं आरमार जळालं. पेशव्यांनी या मोहिमेत इंग्रजांना साथ दिली होती. उत्तर बुरुजावर उभं राहून खाली खाडीकडे बघताना ही गोष्ट फार जवळून टोचते. पुढे बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला आणि पेशव्यांच्या आरमाराचे सरदार असलेल्या धुळपांचं आरमार इथे राहिलं.

किल्ल्यातल्या 'साहेबाचे ओटे' या चौथऱ्यांपाशी बहुतेक वाटाडे सांगतात की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम शोधला. ग्रहणाचा पट्टा या किनाऱ्यावरून गेला हे खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा 20 ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच पाहिली. मुलांना घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी तरी हे नीट सांगावं.

तटाच्या सांध्यांत पिंपळ-उंबराची मुळं शिरली आहेत. पावसाचं पाणी त्या फटींतून आतल्या भरावात जातं, खालून लाटा पाया खातात आणि मग एका पावसाळ्यात सगळा तुकडा बसतो. रोप वीतभर असतानाच उपटलं पाहिजे. मनगटाएवढं खोड झाल्यावर ते उपटणं म्हणजे दगड उपटणं.

दुपार, जेटी आणि जेवण

आता पाणी भरलं आहे. खाडीपलीकडचा काठ रत्नागिरी जिल्ह्याचा. जेवायचं ते सकाळीच खाणावळीत सांगून ठेवलेलं बरं. गाव लहान, आयत्या वेळी ताट मिळेलच असं नाही. बांगडा घेताना डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, पोट बोटाने दाबलं तर परत वर यायला हवं. पोट फुटलेला बांगडा कितीही स्वस्त असो, घेऊ नये. हा मासा उन्हात फार लवकर बिघडतो, आणि बिघडल्यावर शिजवला तरी अंगावर पित्त उठतं. बरोबर न्यायचा तर माशाइतकाच बर्फ हवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्याची अपेक्षा धरू नये.

चार बांगड्यांच्या आमटीला अर्ध्या नारळाचं वाटण, आठेक ब्याडगी मिरच्या, पाच-सहा सोलं (आमसुलं) आणि आठ-दहा तिरफळं. तिरफळातली काळी बी आधी काढायची, टरफल नुसतं चेचायचं. वाटणात घालून वाटलं तर आमटी कडवट होते. मासे टाकल्यावर डाव फिरवायचा नाही, भांडंच हलवायचं.

चारनंतर, गिर्ये

ऊन उतरल्यावर रामेश्वर. देऊळ सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या खाली, खळग्यात. जांभा कापून केलेल्या खोल वाटेने उतरावं लागतं. पावसाळ्यात ही वाट शेवाळाने निसरडी होते, चपला हातात घेऊन उतरलेलं बरं. आत लाकडी सभामंडप आणि भिंतींवरची जुनी चित्रं. फ्लॅश मारू नये, भिंतींना हात लावू नये.

परतीला मुंबई-गोवा महामार्गावरचा तळेरे फाटा पन्नासेक किलोमीटर, वाटेत 'पडेल कॅन्टीन' या थांब्यावर चहा. शेवटच्या एसटीची वेळ सकाळी स्टँडवरच विचारून ठेवावी. फळ्यावरची आणि प्रत्यक्षातली वेगळी असू शकते. रोख पैसे जवळ असू द्यावेत, नेटवर्क गेलं की पैसे मोबाइलवरून देता येत नाहीत.