वर्गणी नाही, तर मग गल्ल्यात काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न दर वेळी वेगळ्या तोंडून येतो, पण असतो एकच. ‘गिल्ड वॉर्स’सारख्या ऑनलाइन गेमला महिन्याची वर्गणी नाही, एकदा विकत घेतला की हवा तितका खेळा, मग धंदा म्हणून त्याचं बरं चाललंय की नाही, हे ओळखायचं कसं? खेळणारे विचारतात तेव्हा त्यात धास्ती असते: सर्व्हर बंद तर नाही ना पडणार? न खेळणारे विचारतात तेव्हा संशय असतो: यात काहीतरी गोम असणार. मी दिवसभर लोकांचे ताळेबंद वाचते आणि रात्री हा गेम खेळते, त्यामुळे दोन्ही बाजूंची मंडळी मलाच गाठतात.

गेम आला एप्रिल २००५ मध्ये. बनवणारी कंपनी अरीनानेट, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली. माइक ओब्रायन, पॅट्रिक वायट आणि जेफ स्ट्रेन हे तिचे तिघे संस्थापक ब्लिझार्ड ही मोठी गेम कंपनी सोडून बाहेर पडलेले. मालक कंपनी कोरियाची एनसीसॉफ्ट. आणि त्याच ब्लिझार्डचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ पाचच महिने आधी, नोव्हेंबर २००४ मध्ये येऊन बाजारात ठाण मांडून बसलेला. त्याची वर्गणी महिन्याला १५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये. आमच्या घरचं ब्रॉडबँडचं बिलसुद्धा त्याहून कमी यायचं. शिवाय दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे भरायला क्रेडिट कार्ड वडिलांचं, आणि वडिलांना हे समजावणार कोण! ‘गिल्ड वॉर्स’चं खोकं, म्हणजे दुकानातली गेमची डबाबंद प्रत, ५० डॉलरचं, एकदाच. आमच्यासारख्यांनी तो का घेतला, याचं उत्तर एवढंच आहे.

पण तुलनेचं माप वॉरक्राफ्टनेच ठरवून टाकलं. त्यांचे वर्गणीदार इतके, मग तुमचे किती? २०१० मध्ये ब्लिझार्डने १ कोटी २० लाखांचा आकडा जाहीर केला आणि बाकी सगळे गेम त्यापुढे किरकोळ वाटायला लागले. हा आकडा खोटा नव्हता, मात्र तो कशाची बेरीज आहे हे कुणी वाचत नसे. पहिल्या फुकट महिन्यातले नवे गिऱ्हाईक त्यात होते. सायबर कॅफेत बसून गेल्या तीस दिवसांत एकदा जरी खेळले, तेही होते. चीनमधले लोक महिन्याचे नव्हे, तासांचे पैसे मोजत. तेही त्याच रांगेत. म्हणजे त्या कोटीभरातला प्रत्येक जण महिन्याला १५ डॉलर देत होता असं मुळीच नाही.

अरीनानेटकडे वर्गणीदारच नव्हते, म्हणून त्यांनी खपलेल्या प्रती सांगायला सुरुवात केली. २००९ मध्ये ६० लाख प्रती झाल्या. या आकड्यातही एक मेख आहे. पहिल्या भागानंतर एप्रिल २००६ मध्ये ‘फॅक्शन्स’ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नाइटफॉल’ आला, आणि हे दोन्ही स्वतंत्र गेम होते, पहिला नसला तरी चालणारे. तिन्ही घेणारा माणूस त्या ६० लाखांत तीनदा मोजला गेला. तेव्हा प्रती म्हणजे माणसं नव्हेत. आणि वर्गणीदार म्हणजे तरी माणशी १५ डॉलर नव्हेत. या दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना करून लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि माझ्या मते ते सगळं भांडण वाया गेलं.

हिशेबच करायचा तर एका निष्ठावान गिऱ्हाइकाचा करू. एप्रिल २००५ ते ऑगस्ट २००७. ‘गिल्ड वॉर्स’वाल्याने तीन खोकी घेतली, प्रत्येकी ५० डॉलर, आणि शेवटी ‘आय ऑफ द नॉर्थ’ हे एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा नवा भाग, ४० डॉलरला. एकूण १९०. वॉरक्राफ्टवाल्याने खोकं ५०, जानेवारी २००७ चं एक्स्पान्शन ४०, आणि सव्वादोन वर्षांची वर्गणी धरून जवळपास ५०० डॉलर दिले. वर खोक्यांच्या किमतीतला वाटा दुकानदार आणि वितरक कापून घेणार, वर्गणी मात्र थेट कंपनीच्या खात्यात. इथवर वाचलं की निकाल लागल्यासारखा वाटतो. लागलेला नाही, कारण ही नुसती जमेची बाजू झाली.

खर्चाची बाजू गेममध्येच दिसते, जमाखर्च उघडायचीही गरज नाही. पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’मध्ये सगळे खेळाडू भेटतात ते फक्त शहरांत. वेशीबाहेर पाऊल टाकलं की तुमच्या टोळीसाठी त्या प्रदेशाची वेगळी प्रत तयार होते. तिथे तुम्ही, तुमचे सोबती आणि राक्षस, दुसरं चिटपाखरू नाही. टोळी परतली की ती प्रत पुसली जाते. हजारो माणसं एकाच मैदानात सतत सांभाळायची नाहीत, म्हणजे सर्व्हरवरचा भार कमी. लोक नाकं मुरडायचे, की हा खरा ऑनलाइन गेमच नव्हे, यात जगच नाही. मला विचाराल तर ज्याला वर्गणी घ्यायची नाही त्याने जग असंच बांधायला हवं होतं.

आणि इथेच मुद्द्याची गोष्ट आहे. पुण्यात विद्यार्थ्यांच्या मेस असतात, तिथे महिन्याचे पैसे आगाऊ भरलेला मुलगा गावी गेला की मालकाचा फायदा, पण पुढच्या महिन्यात तो परतलाच नाही तर नुकसान. वर्गणीचा गेम म्हणजे ही मेस. त्याला माणूस बांधून ठेवावाच लागतो, म्हणून खेळाडूच्या ताकदीच्या पातळ्या चढायला महिने लागतील अशी रचना, रोज हजेरी लावायला लावणारी कामं, आठवडाभर गैरहजर राहिलात तर मागे पडाल ही भीती. ‘गिल्ड वॉर्स’ने पैसे आधीच घेतलेत. खेळून कंटाळला आणि निघून गेला तो त्यांचा सगळ्यात स्वस्त गिऱ्हाईक, कारण त्याचा खर्च शून्य. त्याने फक्त पुढचं खोकं निघेल तेव्हा परत यायला हवं. म्हणून पातळ्या वीसच, आणि त्याही चटकन चढता येतात. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये ८० आहेत. २०१२ पासून ती मर्यादा एकदाही वाढवलेली नाही. तीन वर्षांनी परत आलात तरी तुमची जुनी तलवार कामाची असते.

त्यामुळे ‘हल्ली गेममध्ये कुणी दिसत नाही’ या तक्रारीचा अर्थ दोन्हीकडे वेगळा. वॉरक्राफ्टमध्ये माणसं घटली की त्याच महिन्यात महसूल घटतो. इथे दोन खोक्यांमधल्या काळात माणसं घटणारच. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’ आला तेव्हा तर इतकी गर्दी उसळली की अरीनानेटने स्वतःच्या वेबसाइटवरची विक्री काही काळ थांबवली. दारात गिऱ्हाईक उभं असताना शटर ओढणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? पण आत आधीच घेतलेले लोक सर्व्हरवर ताटकळत असतील तर नवा माणूस आत घेणं म्हणजे सगळ्यांनाच नाराज करणं.

मग पाहायचं काय? एनसीसॉफ्टचं तिमाही पत्रक. कंपनी कोरियाच्या शेअर बाजारात आहे, त्यामुळे दर तीन महिन्यांनी गेमवार विक्री छापून येते: लिनिएज, लिनिएज २ हे कंपनीचे दुसरे गेम आणि खाली कुठेतरी ‘गिल्ड वॉर्स’. ही ओळ वाचायला थोडी सवय लागते. वर्गणीच्या गेमची ओळ संथ चढते, संथ उतरते. ‘गिल्ड वॉर्स’ची ओळ उड्या मारते. २०१२ च्या शेवटच्या तिमाहीत ‘गिल्ड वॉर्स २’ची विक्री ११९ अब्ज वॉनच्या (वॉन हे कोरियाचं चलन) आसपास होती आणि पुढच्याच तिमाहीत ती साधारण एक-तृतीयांशावर आली. मथळे आले की गेम कोसळला. अहो, पाच वर्षं खपून केलेली वस्तू बाजारात आली, ज्यांना हवी होती त्यांनी घेतली, संपलं. दिवाळीनंतरच्या तिमाहीत कापड दुकानाची विक्री घटली म्हणून कुणी दुकान बुडालं म्हणत नाही. या गेमच्या बाबतीत दोन तिमाह्यांची तुलना करूच नये. एका खोक्यापासून दुसऱ्या खोक्यापर्यंतची सगळी बेरीज घ्यावी आणि ती त्या काळातल्या खर्चापुढे ठेवावी.

आणखी एक गोष्ट, जी गेमवाले हमखास विसरतात. पत्रक वॉनमध्ये असतं, विक्री डॉलर आणि युरोत. २००७ मध्ये एका डॉलरला साडेनऊशेच्या आत वॉन मिळत, २००८ अखेरीस मंदीच्या दणक्यात ते दीड हजाराला भिडले. म्हणजे अमेरिकेत तेवढीच खोकी खपली तरी सोलमधल्या कागदावर आकडा दीडपट. चलन न पाहता या पत्रकावरून गेमचं भविष्य सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

‘गिल्ड वॉर्स २’मध्ये कमाईचं आणखी एक दार उघडलं, जेम स्टोअर, म्हणजे गेममधलं दुकान. तिथलं चलन जेम. १० डॉलरला ८०० जेम. त्यात पोशाख, पिशव्या, बँकेतली जागा असलं काहीबाही मिळतं. तलवारीची धार विकत मिळत नाही, आणि ते बरंच आहे. माझ्यासारखीला यातली गंमत वाटते ती जेमच्या बाजाराची. गेममधलं सोनं देऊन जेम घेता येतात आणि जेम देऊन सोनं. एखादा विद्यार्थी आठवडाभर राक्षस मारून सोनं जमवतो आणि एक रुपया न देता पोशाख घेतो. त्या जेमचे डॉलर दुसऱ्या कुणीतरी, बहुधा नोकरी करणाऱ्या, वेळ नसलेल्या माणसाने मोजलेले असतात. जेमचा सोन्यातला भाव गेममध्ये सगळ्यांना दिसतो. सुरुवातीच्या मानाने तो कितीतरी पटींनी चढलाय. त्यावरून लोक ‘डॉलर देणारे आटले’ असा निष्कर्ष काढतात, पण गेममध्ये सोनंही तितकंच वाढलंय, तेव्हा यातली चलनवाढ किती आणि मागणी किती हे वेगळं काढणं कठीण. एखाद्या आठवड्यात भाव अचानक उसळला तर मात्र समजावं की दुकानात काहीतरी खपाऊ आलंय.

ऑगस्ट २०१५ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’चा मूळ गेम फुकट झाला. त्या दिवसापासून ‘एकूण खाती किती’ या आकड्याला मी किंमत देणं सोडलं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर किती जण खेळताहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचीही तीच गत. गेम तिथे २०२२ मध्ये आला, आणि जुनी खाती स्टीमला जोडता येत नाहीत. म्हणजे दहा वर्षं पैसे मोजत आलेले आम्ही त्या आलेखात नाहीच. तरी दर महिन्याला कुणीतरी तो आलेख मला पाठवतो, खाली रडका इमोजी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अरीनानेटने १४३ जणांना काढलं तेव्हा माझ्याकडे विचारणाऱ्यांची रांग लागली होती. त्या वेळी जे बाहेर आलं त्यावरून चित्र साधारण असं होतं: जुन्या होत चाललेल्या गेमचं उत्पन्न हळूहळू ओसरत होतं, आणि त्याच उत्पन्नावर अजून जाहीरही न झालेल्या नव्या प्रकल्पांचे पगार निघत होते. एक गेम स्वतःचं पोट भरू शकतो म्हणून तो आख्खं एकत्र कुटुंब पोसू शकेल असं नाही. बातमी वाईटच होती, ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी तर फारच. पण गेम बंद पडण्याची ती खूण नव्हती, आणि तो पडलाही नाही.

शिवाय वर्गणी असली की सुरक्षित, हा समज तर एनसीसॉफ्टच्याच इतिहासात टिकत नाही. ‘टॅब्युला रासा’ नोव्हेंबर २००७ मध्ये वर्गणीवर आला, फेब्रुवारी २००९ मध्ये बंद. ‘सिटी ऑफ हीरोज’ २००४ पासून वर्गणीवर, नंतर फुकटचंही दार उघडलं, तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद. ‘वाइल्डस्टार’ २०१४ मध्ये वर्गणीवर आला, पुढच्याच वर्षी वर्गणी सोडली, २०१८ मध्ये गेला. २००५ चा बिनवर्गणीचा ‘गिल्ड वॉर्स’ मात्र २०२५ मध्ये वीस वर्षांचा झाला तेव्हाही चालू होता. त्यात माणसं थोडी, पण प्रत्येक टोळीला वेगळी प्रत देणारं ते जग चालू ठेवायला खर्चही थोडा.

त्या पहिल्या गेमचं खरं दुखणं सर्व्हरचं नव्हतंच, ते खोक्यांचं होतं. दर खोक्यात नवे डावपेच द्यायचे म्हणून कौशल्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली, त्यांचा तोल सांभाळता येईना, आणि चौथा स्वतंत्र भाग रद्द करावा लागला. विकायला नवं काय, हा प्रश्न तिथे अडला. बिनवर्गणीच्या गेमचा जीव या प्रश्नात असतो, म्हणून खेळाडू मोजण्यापेक्षा मी कंपनीचं वेळापत्रक बघते. ‘गिल्ड वॉर्स २’ची मोठी एक्स्पान्शन्स आधी दोन-तीन वर्षांनी, एकदा तर चार वर्षांहून जास्त अंतराने येत. ऑगस्ट २०२३ मध्ये २५ डॉलरचं, आटोपशीर ‘सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर’ आलं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लगेच ‘जँथिर वाइल्ड्स’. पत्रकातल्या त्या उंच उड्यांऐवजी दरवर्षी एक छोटी उडी. माझ्या लेखी ही वर्षाची वर्गणीच आहे, फक्त भरलीच पाहिजे अशी सक्ती नाही. हे वार्षिक खोकं एखाद्या वर्षी काहीच न सांगता चुकलं, तर मी काळजी करायला लागेन. तुम्हाला नव्याने सुरू करायचं असेल तर ‘गिल्ड वॉर्स २’चा मूळ गेम फुकट आहे, आधी तो खेळून बघा. जुनी एक्स्पान्शन्स सेलमध्ये घ्या, आणि जेमवर पहिल्या महिन्यात एक डॉलरही घालू नका.