आज दिवसभर पॉल चेंबर्स

सुट्टी, बाहेर धो धो पाऊस. इतकी वर्षं 'काइंड ऑफ ब्लू' हा जॅझ अल्बम ऐकताना कान माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटकडेच असायचा. आज हेडफोन लावून फक्त पॉल चेंबर्सचा डबल बेस (व्हायोलिनसारखं, पण माणसाएवढं उंच, खर्जातलं वाद्य) धरला. त्यातल्या 'सो व्हॉट'ची मुख्य धून बेसच वाजवतो की! बाकीचे नुसते हुंकार भरतात.

डेट्रॉइटमध्ये वाढलेला हा पोरगा १९५५ साली माइल्सकडे आला तेव्हा जेमतेम विशीचा. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनने 'मिस्टर पी.सी.' ही धून केली ती याच्याच नावाने. पुढे दारू, हेरॉइन, क्षय. ४ जानेवारी १९६९ला गेला. वय ३३.

आता त्याचा 'बेस ऑन टॉप' अल्बम स्पीकरवर लावलाय. पहिल्याच ट्रॅकमध्ये तो गजाने वाजवतो. भाजी निवडता निवडता आईने विचारलं, "सारंगी आहे का गं?"

नाही म्हणवेना.